घाटावर वाचलेले युद्धकाव्य

गेल्या डिसेंबरमध्ये मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अस्थी घेऊन काशीला गेलो होतो. सोबत धाकटा चुलतभाऊ होता. उतरायची सोय अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत झाली. आमचे तीर्थोपाध्याय सकाळी नऊला येणार होते. मी पहाटेच उठून घाटावर जाऊन बसलो. धुके इतके होते की पलीकडची वाळू दिसत नव्हती. उत्तरेला शीतला घाट आणि त्याला लागून दशाश्वमेध. तिथली गर्दी ऐकू येत होती, पण या पायऱ्यांवर चार नावाडी आणि एक म्हातारे जोडपे एवढेच होतो.

पिशवीत एक पुस्तक होते. अकरावीच्या वर्गाला 'युद्धवर्णन कसे वाचावे' हा पाठ मला सुट्टीनंतर शिकवायचा होता, म्हणून कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' बरोबर घेतले होते. ते काशीतच वाचायला मिळावे हा योगायोग नव्हता, मी मुद्दाम आणले होते. कारण या काव्याची सुरुवातच काशीत होते. कवी तीर्थयात्रेला काशीत येतो, तिथले पंडित त्याला शिवाजी महाराजांचे चरित्र सांगायला विनवतात आणि तो सांगू लागतो. पंडित प्रश्न विचारतात आणि कवींद्र उत्तरे देतात, अशी सगळ्या ग्रंथाची रचना आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तो पाठ मी पुढे वर्गात घेतलाच. इथे तो थोडा विस्ताराने मांडतो. मात्र त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण खरा पाठ मी त्या चुकीतूनच शिकलो.

आबा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या डिसेंबरमध्ये ते पूर्वेच्या आघाडीवर होते. त्यांची एक गोष्ट ठरलेली होती. रात्रीची वेळ, कमरेएवढे गार पाणी, पलीकडे बांध आणि बांधावर शत्रूची चौकी. गणपतीत, लग्नघरी, जत्रेला पाहुणे जमले की कोणीतरी म्हणायचे, "आबा, तो ओढा सांगा," आणि आबा सांगायचे. मी लहान होतो तेव्हा त्या बांधावर शत्रूचे तीस जण होते. मी दहावीत गेलो तोवर त्यांची कंपनी झाली होती. कॉलेजात गेलो तेव्हा तिथे अख्खी बटालियन बसली होती. आम्ही भावंडे आपसांत हसायचो, की आबांच्या गोष्टीत शत्रूला दरवर्षी बढती मिळते.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास हा माझा विषय होता आणि नव्या शहाणपणाची धार फार होती. एका लग्नात, भरल्या मांडवात, मी म्हणालो, "आबा, आठशे माणसं एका बांधावर मावतात का?" सगळे हसले. आबाही हसले. त्यांनी पानाला चुना लावला आणि पावसापाण्याचा विषय काढला. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही. पुढे मी स्वतः विचारली तरी म्हणायचे, "राहू दे रे, जुनं झालं."

माझा हिशेब बरोबर होता, पण वाचन चुकले होते. ते कसे, हे समजायला युद्धकाव्य म्हणजे काय ते आधी पाहू.

राजदरबारातल्या विद्वान कवीने विद्वानांच्या भाषेत लिहिलेले युद्धकाव्य हा प्रकार केवळ आपलाच नाही. आपल्याकडे ती भाषा संस्कृत होती, तर मध्ययुगीन युरोपात लॅटिन. तिथे घरात, बाजारात आणि छावणीत लोक आपापल्या बोली बोलत, पण राजाचा विजय कायमचा नोंदवायचा असला की कवी लॅटिनमध्ये लिहीत. इंग्लंडच्या इतिहासात १४ ऑक्टोबर १०६६ हा दिवस मोठा आहे. त्या दिवशी नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने हेस्टिंग्जजवळ राजा हॅरॉल्डचा पराभव केला आणि इंग्लंड जिंकले. या लढाईवर 'हेस्टिंग्जच्या लढाईचे गीत' अशा अर्थाच्या नावाचे ८३५ ओळींचे लॅटिन काव्य आहे. ते आमियाँ गावचा बिशप गी याने लढाईनंतर थोड्याच काळात रचले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे हस्तलिखित १८२६ साली ब्रुसेल्सच्या ग्रंथालयात सापडले. सुमारे ११८० साली वॉल्टर नावाच्या फ्रेंच कवीने सिकंदराच्या स्वाऱ्यांवर दहा सर्गांचे लॅटिन महाकाव्य लिहिले. त्यात झेलमकाठची पोरसाची लढाईही आहे. ते इतके गाजले की पुढच्या शतकात युरोपातल्या शाळांत पाठ्यपुस्तक म्हणून शिकवले जाऊ लागले. म्हणजे तिथली मुलेही तुमच्यासारखीच बाकावर बसून युद्धकाव्य वाचत होती. लॅटिन मला येत नाही, ही काव्ये मी इंग्रजी भाषांतरातून वाचली. 'शिवभारत' मात्र मूळ श्लोक आणि मराठी भाषांतर शेजारी ठेवून वाचता येते.

'शिवभारत'ची थोडी ओळख करून घेऊ. कवी परमानंद हे नेवाशाचे. महाराजांनी त्यांना आपल्या घराण्याचे चरित्र आजोबा मालोजीराजांपासून लिहायला सांगितले. काव्य बहुतांशी अनुष्टुभ छंदात आहे. एकतीस अध्याय पूर्ण आहेत, बत्तिसावा सुरू होतो आणि तुटतो, त्यामुळे कथा १६६१ च्या सुमाराला थांबते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्याचे हस्तलिखित मिळाले आणि स. म. दिवेकरांनी १९२७ साली ते मराठी भाषांतरासह पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केले. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, या मताला या ग्रंथाचा मोठा आधार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. असे काव्य हाती आले की त्याला कोणते प्रश्न विचारायचे? मी पाच प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: कवी कोणासाठी बोलतो आहे?

परमानंद महाराजांच्या पदरचे कवी. १६६६ साली आग्र्याला तेही होते आणि महाराजांनी त्यांना हत्ती व पैसे बक्षीस दिल्याची नोंद त्या काळच्या राजपूत पत्रांत सापडते. तेव्हा काव्यात महाराज विष्णूचा अवतार आहेत, याचे आश्चर्य वाटायला नको. पण ऐकणारा कोण, हा अधिक महत्त्वाचा भाग आहे. ज्या मावळ्यांनी गड चढले त्यांना हे श्लोक समजणारे नव्हते. त्यांच्यासाठी मराठीत पोवाडे होते. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाचा पोवाडा प्रसिद्धच आहे. संस्कृत काव्य काशीच्या पंडितांसाठी होते. राजा कोणाला म्हणायचे, हे शास्त्राने ठरवण्याचा तो काळ. रायगडावरच्या ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला गागाभट्ट काशीहूनच आले होते, हे लक्षात घ्या. लढाई सह्याद्रीत जिंकली, तरी तिचा अर्थ गंगाकाठच्या विद्वानांना पटवायचा होता. बिशप गीसमोरही तसाच प्रश्न होता. विल्यमने परक्याचे राज्य बळाने घेतले, की आपला हक्क मिळवला? हे ज्यांनी मान्य करायचे ते लॅटिन वाचणारे होते.

म्हणून स्तुतीचा भाग वाचताना चिडू नका आणि भारावूनही जाऊ नका. तो दरबाराचा भाग आहे असे समजून पुढे चला.

दुसरा प्रश्न: आकडे कुठून आले?

इसवी सन ८८५-८६ मध्ये उत्तरेच्या व्हायकिंग लोकांनी पॅरिसला वेढा घातला. त्या वेळी शहरात असलेल्या आब्बो नावाच्या एका साधूने त्यावर लॅटिन काव्य लिहिले. तो प्रत्यक्ष साक्षीदार होता. तरी शत्रू चाळीस हजार आणि राखणारे दोनशे, असा त्याचा हिशेब आहे. शत्रूचा हा आकडा आजचे इतिहासकार मानत नाहीत. आता आपल्याकडचे पाहा. ६ मार्च १६७३ ला कोंडाजी फर्जंद यांनी पन्हाळा घेतला. जयराम पिंड्ये यांनी यावर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य लिहिले. कोंडाजींबरोबर गड चढलेली माणसे अवघी साठ. वर पोचल्यावर त्यांनी कर्णे फुंकून गोंधळ उडवला. दोनशे आणि साठ, दोन्ही आकडे आपल्या बाजूचे, आणि दोन्ही लहान. मग दोन्ही सारखेच संशयास्पद का?

इथे सैनिकाची नजर उपयोगी पडते. अंधारात, कड्याच्या अंगाने, हातापायांनी चढून जायचे तर किती माणसे आवाज न करता जाऊ शकतात? अशा कामाला मोठी तुकडी अडचणीची होते. जागेनेच साठ या आकड्याला दुजोरा दिला. चाळीस हजारांचे तसे नाही. त्यांना रोज लागणारे धान्य, लाकूड, जागा यांचा हिशेब मांडला की आकडा डळमळतो. आकडा जमिनीवर मांडून बघावा, मावतो का ते कळते. आबांच्या बांधावर मी नेमके हेच केले होते. तिथवर माझे ठीक होते. चूक ही, की मी तिथेच थांबलो.

तिसरा प्रश्न: दोन साक्षी जुळत नसतील तर काय करायचे?

१० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाखालची भेट आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे, आणि वाघनखेही. पण 'शिवभारता'तल्या त्या प्रसंगात वाघनखे नाहीत. तिथे खान आधी वार करतो आणि महाराज तलवारीने त्याचा कोथळा काढतात. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत वाघनखे आणि बिचवा आहेत. हेस्टिंग्जचेही असेच. हॅरॉल्डला डोळ्यात बाण लागला हे इंग्लंडच्या शाळकरी मुलांना पाठ असते, पण बिशप गीच्या काव्यात विल्यमसह चार जण घोड्यांवरून चालून जातात आणि त्याला मारतात.

वर्गात हे सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने थोड्या रागानेच विचारले, "सर, मग खरं काय?" मी त्याला फळ्यावर दोन रकाने आखायला सांगितले. एका रकान्यात दोन्ही साक्षी जिथे जुळतात ते, दुसऱ्यात जिथे जुळत नाहीत ते. पहिला रकाना भरत गेला. भेट गडाखाली झाली, खान मारला गेला आणि त्यापाठोपाठ मराठ्यांनी जावळीच्या रानात आदिलशाही फौज मोडली. दुसऱ्या रकान्यात एकच ओळ आली, हत्यार कोणते. हत्याराबद्दल मतभेद आहे म्हणून लढाई खोटी ठरत नाही, आणि लढाई खरी आहे म्हणून प्रत्येक तपशील खरा होत नाही. दोन्ही रकाने डोळ्यांसमोर ठेवून शांत राहता येणे, हे अधिकाऱ्याला शिकावेच लागते. आघाडीवरून येणारे पहिले दोन निरोप क्वचितच जुळतात.

चौथा प्रश्न: जमीन, पाणी आणि वेळ यांबद्दल कवी काय सांगतो?

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे उंबरखिंड. शाइस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकण घ्यायला पाठवले. खान लोहगडाजवळून घाट उतरणाऱ्या अवघड वाटेने निघाला. २ फेब्रुवारी १६६१ ला खोपोलीजवळच्या खिंडीत महाराजांनी त्याला गाठले. तिथे आज स्मारक आहे आणि आपल्या शाळेची सहलही जाऊन आली आहे. या लढाईचे वर्णन परमानंदांनी सविस्तर केले आहे. त्यातले अवतार, उपमा, अलंकार पेन्सिलीने खोडून काढा आणि काय उरते ते पाहा. वाट इतकी अरुंद, की फौजेची लांबच लांब रांग झाली. दोन्ही बाजूंना दाट रान आणि त्यात आधीपासून दबा धरून बसलेले मराठे. पुढची वाट अडलेली, मागची वाट अडलेली. पाणी नाही. अडकलेल्या सैन्याला तहान लागलेली.

हे उरलेले वाचून आपल्या प्रशिक्षकांपैकी कोणीही फळ्यावर छाप्याचा नकाशा काढू शकेल. संख्येने मोठी फौज अरुंद वाटेत शिरली की तिची संख्या निरुपयोगी होते, कारण एका वेळी लढू शकतात ती पुढची थोडीच माणसे. बाकीचे फक्त पाणी पितात, आणि पाणी नसेल तर तडफडतात. ही ओळ दरबारातल्या स्तुतीतून येत नाही. ती तिथे जाऊन आलेल्या माणसाकडून कवीच्या कानावर आली असली पाहिजे. राजाची स्तुती करायला अवतार पुरेसा होता, त्यासाठी पाणी नसल्याचे सांगायची गरज नव्हती.

बिशप गीच्या काव्यातही अशी एक जागा आहे. इंग्रज टेकडीवर पायउतार होऊन ढालीला ढाल लावून उभे होते, नॉर्मन घोडेस्वारांना ती फळी फुटेना. तेव्हा नॉर्मनांनी पळाल्याचे सोंग केले. इंग्रज पाठलागावर उतरले, पण सोंग करता करता नॉर्मन खरोखरच पळू लागले. विल्यमने शिरस्त्राण काढून आपला चेहरा दाखवला, तेव्हा कुठे ते थांबले. विजेत्याची स्तुती लिहायला बसलेला कवी विजेत्याची फौज घाबरून पळाली हे लिहितो, तिथे कान टवकारायचे. खोट्या माघारीचा सराव करणाऱ्या प्रत्येकाने ती जागा वाचावी. माघारीचे सोंग आणि माघार यांत अंतर फार थोडे असते.

पाचवा प्रश्न: कवी हरलेल्यांबद्दल आणि लहान माणसांबद्दल काय लिहितो?

उंबरखिंडीच्या वर्णनात सर्वांत शहाणे बोलणे महाराजांच्या तोंडी नाही आणि त्यांच्या कोणा सरदाराच्याही नाही. ते शत्रूच्या फौजेतल्या रायबागन या स्त्रीच्या तोंडी आहे. ती माहूरची देशमुखीण, मोगलांची सरदार. या रानात फौज आणली हीच चूक झाली, आता शरण जाऊन माणसे वाचव, असे ती कारतलबखानाला समजावते. खान ऐकतो, सामान आणि खंडणी देऊन सैन्यासह जिवंत परत जातो. शत्रूच्या बाजूचे शहाणपण कवीने लपवले नाही, आणि महाराजांनी शरण आलेल्यांना जाऊ दिले हेही नोंदवले. स्वतःच्या विजयाचे गीत गातानाही जो कवी शत्रूला मूर्ख ठरवत नाही, त्याच्यावर मी इतर बाबतींतही जरा जास्त विश्वास ठेवतो.

आणि नावे. प्रतापगडाच्या भेटीच्या वेळी महाराजांबरोबर असलेल्या दहा अंगरक्षकांची नावे 'शिवभारता'त दिली आहेत. त्यांत संभाजी कावजी आहेत, येसाजी कंक आहेत, जिवा महाला आहेत, सिद्दी इब्राहिम आहेत. काशीच्या पंडिताला या नावांशी काय देणेघेणे? मावळातली ही माणसे त्याने कधी पाहिलेलीही नव्हती. तरी कवीने ती गंगाकाठच्या श्रोत्यांना ऐकवली.

इथवर वाचून मी पुस्तक मिटले. धुके जरा उतरले होते. वर होळकरांचा वाडा दिसू लागला होता. ज्या बाईंच्या नावाचा हा घाट, त्या अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास बांधले. त्यांच्याविषयीची एक हकिगत इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने लिहून ठेवली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीपर ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत सोडून द्यायला सांगितला.

ही गोष्ट मला नेहमीच आवडत आली. पण त्या सकाळी पायरीवर बसून पहिल्यांदा वेगळे वाटले. बाईंचा विनय थोर, त्यात शंका नाही. पण त्या बुडालेल्या ग्रंथात स्तुतीच्या जोडीने काय काय गेले असेल? कदाचित कोणा कारागिराचे नाव, एखाद्या घाटाचे मोजमाप, एखाद्या दुष्काळाचे वर्ष. 'शिवभारत' कोणी असेच नदीत सोडले असते, तर उंबरखिंडीतली तहानही गेली असती. स्तुती जड झाली म्हणून पाण्यात टाकले की तिला चिकटलेले खरेही बुडते.

आणि मग आबांचा ओढा आठवला. शत्रूचा आकडा वर्षागणिक वाढत गेला हे खरे. पण बाकीचे? पाणी दरवेळी कमरेएवढेच होते, कधी छातीपर्यंत चढले नाही. ओढ्यात शिरण्याआधी बुटांच्या नाड्या एकमेकांत बांधून बूट गळ्यात अडकवले होते, ते दरवेळी गळ्यातच होते. चंद्र मावळायची वाट पाहिली होती, तो दरवेळी मावळल्यावरच ते निघाले. आणि परत न आलेल्या तिघांची नावे, गावांसकट, दरवेळी त्याच क्रमाने येत. एवढी वर्षे मी फक्त एकच ओळ ऐकत होतो, जी बदलत होती. जी बदलत नव्हती ती सगळी गोष्ट मी ऐकलीच नव्हती. आकडा कदाचित पाहुण्यांसाठी होता. ती तीन नावे त्यांची स्वतःची होती. आकड्याची पायरी चढल्याशिवाय त्या नावांपर्यंत त्यांना जाता येत नसावे, आणि मी ती पायरीच काढून घेतली.

नऊ वाजता उपाध्याय आले. विधी झाला. शेवटी त्यांनी विचारले, "आणखी कोणाच्या नावानं तिलांजली द्यायची आहे? आप्त, मित्र?" मी आबांच्या सोबत्यांपैकी एकाचे नाव सांगितले, दुसऱ्याचे सांगितले. तिसरे आठवेना. गाव आठवत होते, नाव नाही. चुलतभावालाही माहीत नव्हते, त्याच्या लहानपणी गोष्ट बंद झाली होती. घरी परतल्यावर आईला विचारले, तिलाही सांगता आले नाही. ज्याला ठाऊक होते त्याला मी मांडवात गप्प केले होते. उपाध्याय म्हणाले, "काही हरकत नाही. ज्ञात-अज्ञात सर्वांना पोचतं." त्यांनी वहीत आबांचे नाव, गाव आणि हुद्दा लिहिला. मी तिसऱ्याच्या गावाच्या नावाने ओंजळ सोडली.

विद्यार्थी मित्रांनो, या पाठाचा गृहपाठ असा. येत्या सुट्टीत आपल्या घरातल्या, भावकीतल्या किंवा गावातल्या एखाद्या माजी सैनिकाकडे जा. वही घेऊन जा. जागा कशी होती, पाणी किती होते, वेळ कोणती होती, अंगावर काय होते, बरोबर कोण होते, हे विचारा. नावे नीट लिहून घ्या आणि एकदा वाचून दाखवा. शत्रू किती होते ते सांगतील, तेही लिहा, जसे सांगतील तसे. समोर बसून दुरुस्त करू नका. आकड्याची तपासणी नंतर घरी बसून करता येते, जमिनीवर मांडून, दुसऱ्या साक्षीशी ताडून. ती करायलाच हवी, कारण उद्या तुम्ही जे अहवाल लिहाल त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतील आणि तिथे तीसची बटालियन झालेली चालणार नाही. पण नाव विचारायचे राहिले तर ते नंतर कुठेच मिळत नाही.

पालकांनाही एक विनंती. घरात अशी गोष्ट असेल तर ती मुलांसमोर पुन्हा एकदा सांगायला लावा. शंभरदा ऐकलेली असली तरी.

या पाठाच्या वह्या मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तपासणार आहे. पहिल्या पानावर उंबरखिंडीची आकृती हवी, दुसऱ्या पानापासून तुमच्या माणसाची गोष्ट. माझ्या वहीत दोन नावे आहेत आणि तिसऱ्या ओळीवर फक्त एक गाव आहे. पुढच्या रजेत मी त्या गावाला जाऊन येणार आहे. तिथे शाळेजवळ शहिदांच्या नावांचा फलक असेल, किंवा एखादा म्हातारा माणूस भेटेल, त्याला विचारीन.